इंदरचा हुंकार

इरफान: परत तेच विचारताय काका. इंदरच्या ह्या रेकॉर्डरात क्यासेट नसतेच.

मानसिंग: मंग आवाज ऱ्हातो कुठं?

इरफान: ही नखाएवढी काळी चिप दिसते ना, हिच्यात. मशीन चेपलं होतं, काच फुटली होती, आतली पाटी चिरली होती. चिप तेवढी वाचली. पुण्यातून असलंच एक जुनं मशीन शोधून आणलं, त्याच्यावर ही चिप चढवली, तेव्हा कुठं कॉम्प्युटरनं ओळख दाखवली.

मानसिंग: म्हंजी इंदर गावला.

इरफान: आधी बसा. चहा सांगू?

मानसिंग: चहा नगं. आवाज लाव.

इरफान: लावतो. काका, दहाव्याला मला यायचं होतं. धीर झाला नाही. पोरगा सेल न्यायला आला की ह्याच स्टुलावर बसायचा. तासभर डोकं खायचा. अजून वाटतं, येईल आणि म्हणेल, इरफानभाई, तुमच्या सेलांत काय पाणी भरून विकता काय.

मानसिंग: दहाव्याला मानसं लई आली. गावात मावंना. त्याची आईच तेवढी नव्हती.

इरफान: काकूंना आणलं नाही?

मानसिंग: तिला ठावंच न्हाई.

इरफान: काय ठाऊक नाही?

मानसिंग: इंदर गेला ते.

इरफान: काय बोलताय काका?

मानसिंग: हळू बोल. रस्त्यावर मानसं हायती. अरं, तिचा एक डोळा तर कवाच गेलाय. दुसऱ्याचा पडदा सुटला म्हनून ऑपरेशन केलं. ती इस्पितळातनं सुटून हितं भोरात आमच्या पोरीच्या, नूतनच्या खोलीवर आली, आनि इंदर तिलाच बघाया निगाला हुता. गाडीवरनं. वरव्याच्या फाट्यावर मागनं टँकर आला. पुढचं तुला म्हाईतच हाय.

इरफान: हो. पण मला वाटलं, काकूंना…

मानसिंग: डागदर म्हनला, डोळ्याला पानी लागू द्यायचं न्हाई, रडायचं न्हाई, जोर करायचा न्हाई. पडदा पुन्हा सुटला तर आंधळी हुईल, मंग देव आला तरी काय करनार न्हाई. आता सांग, पोटचा पोर गेला म्हनून सांगायचं आनि वर रडू नगं म्हनायचं? कुठल्या तोंडानं?

इरफान: मग काय सांगितलंत?

मानसिंग: म्हनलं, इंदर कामाला गेलाय. वेल्ह्याच्या वरल्या अंगाला, धनगरांच्या वाड्यांवर, म्हाताऱ्यांच्या गोष्टी भरून घ्याया. तिकडं फोन लागत न्हाई. पटलं तिला. कामच त्याचं तसलं. आनि म्या भात झोडाया जातो म्हनून गावी गेलो आनि दहावा उरकून आलो. पोराला पानी दिलं आनि बायकुला सांगितलं, भात झोडून झालं.

इरफान: या अल्ला.

मानसिंग: आता ती हट्टाला पेटलीया. म्हनती, त्यो दिसाआड फोन करनारा पोरगा, त्याला झालंय काय? त्याचा आवाज आईकल्याबिगर घास घशाखाली उतरत न्हाई. उद्या पट्टी सुटायची. ती म्हनती, पयलं तोंड इंदरचं बघनार, त्यो आल्याबिगर पट्टीला हात लावू देनार न्हाई. नूतन समजावून समजावून थकली. म्हनून तुझ्याकडं आलो.

इरफान: मला वाटलं, तुम्हाला आठवण म्हणून पाहिजे आवाज.

मानसिंग: आठवन कशाला पायजे? ती काय जातीया कुठं? माझं काम येगळं हाय. त्याच्या बोलन्यातलं हितलं तितलं कापून एक करायचं. ‘आये, म्या खुशाल हाय, काम हाय, पुढल्या हप्त्यात येतो.’ बास. तुला येतं म्हनं कॉम्प्युटरवर.

इरफान: येतं. पण मी नाही करणार.

मानसिंग: का?

इरफान: कारण हे मी आमच्या घरात बघितलंय. अब्बा दुबईला होते. चिठ्ठी लिहायचा कंटाळा, म्हणून क्यासेटीवर बोलून पाठवायचे. अब्बा गेल्याची खबर आली, रडणंबिडणं झालं, आणि त्यानंतर टपालानं त्यांची एक क्यासेट आली. आधी टाकलेली, वाटेत रखडलेली. अम्मीनं ती लावली आणि म्हणायला लागली, खबर खोटी आहे, माणूस बोलतोय की. वर्षभर दाराकडं तोंड करून बसायची. साबिरा, अशी तिच्या नावानं कोणी हाक मारली की उठून उभी राहायची. मेलेल्या माणसाचा आवाज लई वाईट काका. तो माणसाला मरू देत नाही.

मानसिंग: तुझ्या आईला दार दिसत तरी हुतं.

इरफान: काका…

मानसिंग: वाईट वाटून घेऊ नगं. म्या काय जल्मभर लपवाया सांगत न्हाई. डोळा पक्का हुईस्तवर. मंग म्या सोता सांगनार. तवा मला मारलं तरी चालंल तिनं. पर ल्योक बी गेला आनि डोळा बी गेला, असं नगं. आभाळ फाटलंय रं, ठिगाळ कुठं कुठं लावू? एक तरी लावू दे.

इरफान: खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात काका.

मानसिंग: माझ्या कपाळी आजून बसायचा ऱ्हायलाय व्हय?

इरफान: बरं. ऐका. समजा मी करायला तयार झालो. तरी होणार नाही. म्हणूनच तुम्हाला आधी बसा म्हटलं. यात इंदर नाही.

मानसिंग: न्हाई म्हंजी? मशीन त्याचंच हाय.

इरफान: मशीन त्याचं, आवाज सगळे दुसऱ्यांचे. काल दिवसभर कानाला लावून बसलोय. म्हाताऱ्या आहेत, धनगर आहेत, कोंबडे आहेत, एक म्हैस आहे. इंदर नाही. ज्या पुण्याच्या संस्थेसाठी तो गोष्टी गोळा करायचा, तिनं त्याला बजावलं होतं म्हणे, तुझा आवाज आम्हाला नको, म्हाताऱ्या माणसांचा पाहिजे. मला सांगायचा तो. म्हणून प्रश्न विचारायचा असला की मशीन थांबवायचा, विचारून झालं की परत चालू करायचा. फार इमानदार पोरगं.

मानसिंग: कुठंच न्हाई? चुकून बी?

इरफान: एका ठिकाणी आहे. पण ते बोलणं नाही. ऐका.

चिमाजीचा आवाज: …तर त्या राजाला हुत्या दोन रान्या. आरं, म्या सांगतूया आनि तू मुक्याच्या बापावानी बसलायंस. हुंकार दे की.

मानसिंग: ह्यो कोन?

इरफान: चिमाजी म्हणून धनगर आहे. ऐका पुढं.

चिमाजीचा आवाज: ते मशीन घाल चुलीत. हुंकार न्हाई तर गोष्ट न्हाई. म्या काय भिंतीला सांगू? हुंकार देत असशील तर सांगतो, न्हाई तर शेरडं सोडायचा वकुत झालाय माझा. देतूस?

इंदरचा आवाज: हं.

चिमाजीचा आवाज: हां, आसं. तर दोन रान्या.

इंदरचा आवाज: हं.

चिमाजीचा आवाज: एक आवडती, एक नावडती.

इंदरचा आवाज: हं.

मानसिंग: थांबव.

इरफान: थांबवलं.

मानसिंग: परत लाव. शेवटचं तेवढं.

इंदरचा आवाज: हं.

मानसिंग: त्योच हाय. नाकातनं. सर्दी झाल्यावानी बोलायचा लहानपनापासनं. परत लाव.

इंदरचा आवाज: हं.

मानसिंग: लई वाईट वाटतं रं इरफान. मला वाटलं हुतं, माझं रडून झालंय.

इरफान: रडा काका. तुमच्या डोळ्याला कुठं पट्टी आहे?

मानसिंग: आसं किती हायती?

इरफान: गोष्ट संपेपर्यंत देतोच आहे. त्या म्हाताऱ्यानं काही सोडलं नाही त्याला.

मानसिंग: मंग झालं काम. एवढ्यावर भागंल.

इरफान: नुसत्या ‘हं’वर?

मानसिंग: म्या सांगतो, घसा बसलाय त्याचा. थंडीत डोंगरावर ऱ्हातोय, बोलवत न्हाई. ती इचारंल, ह्यो हं म्हनंल. हितं तुझ्या दुकानात एक फोन हाय, तुझा मोबाईल हाय. तिला सांगायचं, त्यानं दुकानाच्या फोनवर फोन केलाय, म्या दोनी फोन तोंडाला तोंड लावून धरतो. आमच्या गावात तसंच करत्यात. आवाज बारीक आला तरी तिला नवल वाटनार न्हाई.

इरफान: माझ्या मनाला पटत नाही.

मानसिंग: माझ्या बी न्हाई पटत. शटर वढ.

(शटर अर्धं ओढलेलं. इरफानचं बोट कॉम्प्युटरच्या बटणावर. मानसिंगनं मोबाईल स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरच्या स्पीकरसमोर धरलाय.)

मानसिंग: नूतन, आईकडं फोन दे.

नूतन: बाबा, नका ना. मला भीती वाटतीय.

मानसिंग: दे म्हनतो ना. आनि तू पानी आनाया जा.

रतनबाई: कोन हाय?

मानसिंग: म्या बोलतोय, इंदरच्या आये. इरफानच्या दुकानातनं. अगं, इंदरचा फोन आलाय हितं.

रतनबाई: इंदरचा? कुठनं?

मानसिंग: डोंगरातनंच. खाली कुठं गावात उतारलाय. पर त्याचा घसा पार बसलाय. बोलू नगं म्हनलंय म्या त्याला. तू बोल, त्यो हं म्हनंल. म्या दोनी फोन एकाला एक लावून धरतो.

रतनबाई: धरा. धरा लवकर. इंदर?

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: माझ्या बाबा. किती दिस लावलंस रं. जीव आर्धा झाला माझा. बरा हायस ना?

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: घसा कशानं बसला? पानी बदाललं व्हय?

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: हळद-दूध घे. धनगरांकडं दुधाला काय तोटा. जेवलास का?

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: जेवलास?

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: कुठल्या गावात हायस आता?

मानसिंग: अगं, त्याला बोलवत न्हाई म्हनलं ना. गाव कसं सांगंल त्यो?

रतनबाई: व्हय, तेबी खरं. इसारले म्या.

मानसिंग: ठेवू मंग? त्याच्या फोनचं मीटर पळतंय.

रतनबाई: जरा थांबा. इंदर, आईकतोस?

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: एक आटपाट नगर हुतं.

इंदरचा आवाज: हं.

मानसिंग: हे काय काडलंस आता?

रतनबाई: तुमी गप ऱ्हावा. त्या नगरात एक म्हातारी हुती.

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: तिला डोळ्यानं दिसत नव्हतं.

इंदरचा आवाज: हं.

रतनबाई: तिला एकच ल्योक हुता.

मानसिंग: दाब की रं, इरफान.

इरफान: नाही दाबवत काका.

रतनबाई: नगं दाबू, बाबा. ज्ये काय हाय, ते बंद कर.

मानसिंग: इंदरच्या आये, लाईन खराब हाय, तुला काय तरी भलतंच…

रतनबाई: लाईन चांगली हाय. आवाज बी त्याचाच हाय. पर त्यो माझ्याशी बोलत न्हाई. त्यो कुनाची तरी गोष्ट आईकतोय.

मानसिंग: आसं कसं म्हनतीस?

रतनबाई: ह्यो हुंकार मला शिकवताय व्हय? माझ्याच मांडीवर शिकलाय त्यो. नीज आली तरी डोळं मिटून हं, हं करायचा, म्या थांबले की उठून बसायचा. जेवलास का म्हनलं तर जल्मात हं म्हनला न्हाई कवा. ‘तू जेवलीस का’ म्हनायचा उलट. आनि दोन येळा इचारलं तर चिडायचा. आज दोनी येळा सारखंच म्हनला. तसाच्या तसा.

मानसिंग: अगं…

रतनबाई: आनि माझं डोळं बांधल्यात, नाक न्हाई बांधलं. म्या आल्यापासनं नूतनच्या घरात फोडनीचा वास न्हाई. आमटी नुसती शिजवल्याली, भाजी बी तशीच. म्या इचारलं तर म्हनती, डागदरनं तेल बंद केलंय. तुमच्या ताटाला बी तेच? तवाच मनात पाल चुकचुकली. फोडनी सुतकात देत न्हाईत, हे काय मला सांगाया पायजे? तिला वाटलं, सांगायचं न्हाई म्हनून सांगितलं न्हाई. पर सुतक तर पाळायलाच पायजे ना. आईचंच वळन हाय ते.

मानसिंग: मंग आजवर बोलली का न्हाईस?

रतनबाई: कुनाचं सुतक, ते इचारायला जीभ रेटली न्हाई. म्हनलं, तुमचा चुलता आसंल. भावकीतलं कोन आसंल. इंदरचा आवाज मागत ऱ्हायले. वाटायचं, ह्या येळी तरी तुमी म्हनाल, ह्ये घे, बोल त्याच्याशी.

इरफान: काकू, माफ करा मला.

रतनबाई: तुझं काय चुकलं, बाबा? एवढं मोडल्यालं मशीन खोलून तू माझ्या लेकराचा आवाज काडलास. लई उपकार झालं. जपून ठेव त्यो. म्या आईकंन परत. आज न्हाई.

इरफान: मी बाहेर थांबतो काका. फोन राहू द्या तुमच्याकडं.

रतनबाई: अवो.

मानसिंग: बोल.

रतनबाई: आता सांगा.

मानसिंग: घरी येतो, मंग सांगतो. तुझ्याजवळ बसून सांगतो. पाच-दहा मिनटात येतो बग.

रतनबाई: न्हाई. हितं आलासा की माझं तोंड बघाल आनि परत कायतरी रचाल. आताच सांगा.

मानसिंग: डोळा जाईल गं तुझा. रडू आलं तर डोळा जाईल.

रतनबाई: डोळ्याचं म्या बघते. रडनार न्हाई. बोलनार बी न्हाई मधी. तुमी सांगा, म्या नुसता हुंकार देते.

मानसिंग: मला सांगवत न्हाई.

रतनबाई: त्यो कुठनं निगाला हुता, तितनं सुरू करा.

मानसिंग: घरातनं निगाला. गाडीवर. तुझ्याकडंच येत हुता. पिशवीत तुझ्यासाठनं सीताफळं घेतली हुती.

रतनबाई: हं.

मानसिंग: म्या म्हनलं, ऊन उतरू दे, मंग जा. तर म्हनला, आय वाट बगत आसंल.

रतनबाई: हं.

मानसिंग: वरव्याच्या फाट्यावर मागनं टँकर आला.

रतनबाई: हं.

मानसिंग: मला फोन आला तवा म्या शेतात हुतो. नसरापूरच्या दवाखान्यात पोचलो तर लोकं बाजूला झाली.

रतनबाई: हं.

मानसिंग: त्याचं तोंड झाकलं हुतं, इंदरच्या आये.

रतनबाई: हं.